उशाची फळी

टकटके हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं. पण ती पाटी चांगल्या शिसवीची आहे हे एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, आणि तिच्या खुंट्या होऊन त्या एका व्हायोलिनला लागल्या. पाटीच्या जागी त्यांनी पुठ्ठा लावला, पुठ्ठ्यावरची शाई उन्हाने उडाली, आणि गल्लीने ठेवलेलं नाव तेवढं उरलं. पुढे बायकोनेही हात टेकले. ती टपाल कचेरीत पार्सलं तोलायच्या खिडकीवर बसायची. तिथे कोणी नाव विचारलं तर गंभीर चेहऱ्याने सांगायची, "सौ. टकटके."

नाव पडलं ते खोडीवरून. लाकूड दिसलं की बोट वाकवून पेराने ठोकायचं आणि कान तिरका करून ऐकायचं. दुकानाचं काउंटर, बँकेचं दार, शेजाऱ्यांचं कपाट, काही म्हणून वर्ज्य नव्हतं. एकदा दातांच्या डॉक्टरांकडे आ वासून बसलेले असताना त्यांनी खुर्चीच्या लाकडी हातावर टकटक केलं. डॉक्टरांना वाटलं, पेशंटला सहन होत नाहीये. त्यांनी भुलीचं आणखी एक इंजेक्शन ठोकून दिलं. कोणाच्या घरी माणूस गेलं म्हणून भेटायला जायची वेळ आली, की बायको त्यांचा उजवा हात आपल्या हातात घट्ट धरून बसायची. बघणाऱ्या बायकांना वाटायचं, या वयातही काय प्रेम आहे नवराबायकोत.

धंदा म्हणाल तर मोडकी वाद्यं दुरुस्त करायची, आणि जी दुरुस्तीपलीकडे गेली त्यांच्या अवयवांतून नवी उभी करायची. तीन मजली इमारतीत, तळाशी, जिथे पूर्वी सायकलींचं दुकान होतं तिथे त्यांची कामाची खोली, आणि बरोबर वरच्या मजल्यावर घर. खोलीच्या छताला पोट नसलेली व्हायोलिनं, मान नसलेल्या गिटारी आणि दोन-चार नुसत्या माना टांगलेल्या. खाली पलंगांचे पाय, खिडक्यांच्या चौकटी, शाळेतली बाकं, टेबलांचे खण आणि आतडी काढलेला एक पियानो. दुकानातलं नवं लाकूड टकटक्यांना चालायचं नाही. नव्या लाकडात अजून झाड शिल्लक असतं, ते आपल्याच नादात असतं, असं ते म्हणायचे. कोणाचे तरी कपडे, कोणाची तरी भांडी वर्षानुवर्षं सांभाळून जे लाकूड सुकलं, ते त्यांना हवं असायचं. पियानोच्या आतली पातळ फळी व्हायोलिनच्या पोटाला जायची, बाकाची पट्टी मानेला, खणाचा तळ आतल्या ठोकळ्यांना.

या धंद्यात त्यांचे दोन नियम होते. पहिला सरसाचा. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून शिजवलेला हा जुना सरस कोपऱ्यातल्या डब्यात दिवसभर कोमट असायचा, आणि त्याच्या वासामुळे इमारतीतले भाडेकरू नाक मुरडून जिना चढायचे. बाजारात पांढरा, बिनवासाचा, दगडासारखा पक्का होणारा गोंद मिळत होता. टकटके त्याला हात लावत नसत. सरसाने जोडलेला सांधा कोमट पाणी आणि पातळ सुरी घेतली की उघडतो. वाद्य कधी ना कधी उघडावं लागणारच, आणि उघडणारा माणूस आपण नसणार, हे धरून चालायचं. "पुढच्याला उघडता येऊ नये असं चिकटवणं म्हणजे त्याच्याशी वैर धरणं," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि खिडकीपाशी सरकायचं.

दुसरा नियम असा, की पाठ बघितल्याशिवाय लाकूड घ्यायचं नाही. भंगारवाला हातगाडीवर टेबल घेऊन आला, की टकटके आधी ते उताणं पाडायचे, मग कडा बघायच्या, मग कुठेतरी कोपऱ्यात खरवडायचं, आणि सगळ्यात शेवटी ठोकायचं. भंगारवाला चिडवायचा, "अहो, मी बायको केली तेव्हा एवढं बघितलं नव्हतं."

"म्हणून भोगतोयस," टकटके म्हणायचे.

बाहेरचं लाकूड कमी पडलं की ते घरातलं उचलत. हे बायकोला उशिरा कळलं. पार्सलात ग्रॅमचा फरक असला तर तिला हाताने समजायचा, पण आपल्या कपाटाचा मागचा तक्ता कधी गेला हे थंडीचे कपडे काढायची वेळ येईपर्यंत तिला समजलं नाही. त्या दिवशी ती कपाटात डोकं घालून बराच वेळ भिंतीकडे बघत होती. मग खाली येऊन तिने विचारलं, "कोणत्या व्हायोलिनमध्ये आहे माझं कपाट?" टकटक्यांनी मुकाट्याने बोट दाखवलं.

या सगळ्या लुटालुटीत घरातल्या एका वस्तूला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. ती वस्तू म्हणजे सासूबाईंच्या पलंगाची उशाकडची फळी, आणि त्या फळीवर टकटक्यांचा जीव अडकला होता.

ती फळी सासऱ्यांनी केलेली होती. सासरे कपाटं-पलंग बनवणारे, सगळा गाव त्यांना नुसतं मिस्त्री म्हणायचा. टकटके पोरवयात त्यांच्याच हाताखाली शिकले, पुढे त्यांचेच जावई झाले. ही फळी मिस्त्रींनी स्वतःच्या लग्नात स्वतःच्या पलंगासाठी केली होती. चांगली हातभर उंच, पलंगाच्या रुंदीची, वरून कमानदार, भोवती गोल पट्टी. मॅपलचं लाकूड, मधासारखं पॉलिश, आणि त्यात आडवे उजळ-गडद पट्टे असे, की दिवा हलवला की तेही हलतात. मिस्त्री तसे अबोल, पण घरात पाहुणा आला की त्याला पलंगापाशी नेल्याशिवाय राहत नसत. "एकसंध आहे. सांधा नाही कुठे. ठोकून बघा हवं तर." आणि पाहुणा अदबीने ठोकून बघायचा.

मिस्त्रींचं आणि जावयाचं बिनसलं ते चेलोपायी. एका संगीतशाळेत कपाटं बसवायचं काम होतं. जावईबुवा कपाटाच्या आत शिरून मागचा तक्ता स्क्रूने आवळत होते, आणि पलीकडच्या वर्गात कोणीतरी चेलो वाजवायला घेतला. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून दोन्ही गुडघ्यांत धरून वाजवायचा. भिंतीपलीकडे तो वाजला आणि इकडे तक्ता टकटक्यांच्या गालाला लागून थरथरायला लागला. त्यांनी स्क्रू पिळायचा थांबवला आणि गाल तसाच टेकवून ठेवला. बाहेरून मिस्त्रींनी दोनदा हाक मारली आणि मग आत डोकावून विचारलं, "झोप लागली काय रे?"

त्यानंतर वर्षभरात टकटक्यांनी कपाटं सोडली. मिस्त्री संतापले नाहीत, पण "वाजणारं लाकूड म्हणजे ढिलं लाकूड" एवढं बोलून त्यांनी विषय संपवला, आणि मरेपर्यंत तळमजल्यावरच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. टकटके व्हायोलिनं करत राहिले, गिटारी करत राहिले. चेलो मात्र आयुष्यात एकच करायचा आणि आपल्या मनासारखा करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पोटाला पियानोची फळी जपून ठेवली. मान एका मोडलेल्या शाळेच्या बाकाची. खुंट्या, पट्ट्या, खाली तारा अडकवायची शेपटी, सगळं एका जुन्या बिछान्याच्या चादरीत गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलेलं. पाठ तेवढी नव्हती. आणि पाठीला लागणारं लाकूड, तेवढं रुंद, तसं पट्ट्यांचं, त्या गावात एकाच ठिकाणी होतं. त्याला टेकून सासूबाई बसल्या होत्या.

मिस्त्री गेल्यापासून सासूबाई लेकीकडे राहायला आल्या, त्या पलंगासकट. खोली लहान, पलंग मोठा. एक खुर्ची आणि रेडिओ ठेवायचं स्टूल यापलीकडे काही मावत नव्हतं. पलंग उशाकडून भिंतीला घट्ट लावलेला, आणि तो तिथून हलवू द्यायला त्या तयार नसत. भिंती रंगवायला माणूस आला, तेव्हाही त्यांनी पलंगाच्या भोवतीनेच रंगवून घेतलं. "भिंतीला लागून आहे म्हणून झोप लागते मला," असं त्यांचं म्हणणं. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

रोज सकाळी सासूबाईंना चहा द्यायचं काम टकटक्यांनी आपण होऊन मागून घेतलं. बायकोला आधी फार कौतुक वाटलं. मग एकदा ती दारात उभी राहिली, आणि तिला दिसलं की नवरा बशी ठेवतो, सासूच्या डोक्यावरून हात लांब करतो, आणि फळीवर टकटक करतो.

"आईच्या फळीवर डोळा आहे तुमचा," ती स्वयंपाकघरात म्हणाली.

"डोळा कशाला? कान आहे."

"लाज नाही वाटत?"

"वाटते," टकटके म्हणाले, आणि ते खरं होतं.

सासूबाईंना काय चाललंय ते पहिल्याच आठवड्यात समजलं असावं, कारण त्यांनी सरळच विचारलं, "काय म्हणतंय लाकूड, जावईबापू?"

टकटके गडबडले. जिवंत माणसाला, तुमच्या उशाचं लाकूड तयार आहे, असं कोणत्या तोंडाने सांगणार? तोंडाला आलं ते बोलून गेले. "ओलं आहे अजून, आई. चार-सहा वर्षं तरी वाळायला हवं."

लग्नातला पलंग, लेकीचे केस पिकले तरी ओला. सासूबाई यावर हसल्या नाहीत. "मग घाई नको," म्हणाल्या, आणि बशीत चहा ओतला.

तेव्हापासून तो रोजचा पाठच झाला. टकटक, मग "काय म्हणतंय?", मग "ओलं आहे अजून." त्यानंतर टकटक्यांनी उठायला हरकत नव्हती, पण खुर्ची तिथेच होती आणि त्यांचा स्वतःचा कप हातात असायचा. सासूबाई खालच्या वाद्यांची चौकशी करायच्या, दवाखान्यातल्या पेशंटांची करावी तशी. त्या फुटक्या गिटारीला टाके पडले का? डॉक्टरीणबाईंचं व्हायोलिन अजून घोगरंच आहे? मग वरच्या मजल्यावरच्या भांडणाची बातमी, खिडकीत घरटं करणाऱ्या कबुतराचा उद्धटपणा, रात्री पडलेलं स्वप्न. लेक कामावर गेली की संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलायला रेडिओशिवाय कोणी नव्हतं, आणि रेडिओ उलट उत्तर देत नाही ही त्यांची मोठी तक्रार होती. कधी टकटके कामाच्या घाईत असले आणि नुसतं ठोकून वळले, तर त्या मागून म्हणायच्या, "आज नीट ऐकलं नाहीत. पुन्हा ठोका." टकटके परत यायचे, ठोकायचे, बसायचे.

एका थंडीत सासूबाईंच्या छातीत कफ झाला आणि डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. टकटके औषध आणायला धावत गेले. वय विसरून धावले, रस्त्यात एकदा पडले, गुडघा फोडून घेतला, पण बाटली फुटू दिली नाही. आणि धावताना डोक्यात चेलोच्या पाठीचं माप होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्या एकाच माणसात कशा राहतात हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. सासूबाई वाचल्या. त्या दिवशी टकटक्यांना खूप हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याच्या तळाशी एक बारीकशी निराशाही होती. तिची त्यांना इतकी किळस आली की ते खाली जाऊन दिवसभर हात न चालवता बसून राहिले.

पुढे सासूबाईंचे गुडघे गेले. बुटक्या पलंगावरून उठताना दोघांनी उचलावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, उंच लोखंडी पलंग आणा, उशाकडून वर होणारा. लेकीने लगेच चौकशी केली. सासूबाईंनी नको म्हटलं. लेकीने समजावलं, मग रागावली, मग रडली. आठवडाभर घरात हेच. सासूबाई सारख्या एकच बोलायच्या, "मला इथेच बरं आहे." टकटके या वादात तोंड उघडत नव्हते. उघडलं असतं तर कोणाच्या बाजूने बोलतोय हे लगेच दिसलं असतं.

शेवटी सासूबाई दमल्या. सकाळी टकटक झाल्यावर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. म्हणाल्या, "घेऊन जा तुमची फळी. पण सोडवाल तेव्हा मला बाहेरच्या खोलीत बसवा."

टकटक्यांच्या कानात "घेऊन जा" एवढंच शिरलं.

"आणि उद्यापासून चहा तिलाच आणू दे," त्या पुढे म्हणाल्या. "तुम्हाला आता या खोलीत यायचं काही कारण नाही."

"हो, हो," टकटके म्हणाले. मनातल्या मनात ते फळीला मधोमध करवत लावत होते.

दुपारी लोखंडी पलंग आला. सासूबाईंना बाहेर बसवलं, जुना पलंग सोडवला. ओरखडा येऊ नये म्हणून टकटक्यांनी फळी भिंतीपासून निघाल्याबरोबर रजईत गुंडाळली, स्वतःच्या पोरालाही कोणी इतकं गुंडाळलं नसेल. भंगारवाल्याला मदतीला बोलावलं होतं. दोघांनी ती जिन्याने खाली आणली. वळणावर भंगारवाला म्हणाला, "मिस्त्रींनी हाताला चांगली जड केलीय." टकटके नुसते हसले. पंचवीस वेळा टेबलं उताणी पाडणाऱ्या माणसाने या एका लाकडाची पाठ अजून बघितली नव्हती, आणि ते त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

खाली टेबलावर रजई उलगडली. पाठीला जाड तपकिरी कापड चिकटवलेलं होतं. "धूळ बसू नये म्हणून," टकटक्यांनी भंगारवाल्याला समजावलं. मग पटाशी लावून त्यांनी कडेची गोल पट्टी उचकटली आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला.

कडेवर तीन रेघा होत्या. वर मॅपल, बांगडीच्या जाडीचं, त्याहून जास्त नाही. खाली सरसाची काळसर रेघ. आणि त्याखाली पांढरट, गाठाळ, कसलंतरी भरड लाकूड.

टकटक्यांनी दुसऱ्या बाजूची पट्टी काढली. तेच. त्यांनी कापड फाडलं. पाठीला खोक्याच्या फळ्या होत्या, एकीला एक लावून जोडलेल्या, खिळ्यांची भोकं भुशाने बुजवलेली. एका फळीवर लाल शाईचा अर्धा छाप होता, बाण आणि त्याखाली अक्षरं: ही बाजू वर ठेवा. बाण खाली बघत होता.

भंगारवाल्याला राहवलं नाही. "एकसंध!" म्हणाला, आणि खो-खो हसत सुटला.

"चालू लाग," टकटके म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी दार लावलं. हातातली पटाशी त्यांनी जोरात भिरकावली, ती पियानोत जाऊन पडली आणि आतल्या उरल्यासुरल्या तारा बराच वेळ घुमत राहिल्या. मिस्त्रींचा राग आला. ठोकून बघा हवं तर, म्हणे! मरेपर्यंत पाहुण्यांना ठोकायला लावत होता हा माणूस. पण त्याहून जास्त राग आला तो आपल्या कानांचा. रोज सकाळी ऐकलं ते काय ऐकलं? आता फळी हवेत धरून ठोकली तर आवाज बद्द येत होता. पलंगामागच्या भिंतीने त्याला भरीवपणा दिला असेल, पण भिंतीमागून येणारा आवाज ओळखायचा हाच तर त्यांचा धंदा. ऐकायचं ठरवलं होतं तेच ऐकलं. आणि चेलोची पाठ गेली. या वयात दुसरं तसं लाकूड कुठून मिळणार?

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा हात रिकामे बसेनात म्हणून त्यांनी पाणी तापवलं. निदान मॅपलचं वरचं पातळ पान तरी सुटं करावं. चेलोच्या कडांना तेवढी जाडी पुरते. सुरी कोमट पाण्यात बुडवून त्यांनी सांध्यात सरकवली. सरस जुना, पण इमानी. थोडं पाणी, थोडी सुरी, आणि पान पानासारखं उठत गेलं. मिस्त्रींचं काम होतं. कुठे बुडबुडा नाही, कुठे कोरडी जागा नाही. टकटक्यांना रागातही ते दिसलं.

मधोमध आल्यावर सुरी थांबली. सरसात एक केस होता.

खोक्याच्या पांढरट फळीवर तो स्पष्ट दिसत होता. काळा, चांगला हातभर लांब, सरस ओला असताना पडलेला आणि तसाच वळण घेऊन आत बसलेला. मिस्त्रींचा नव्हता. मिस्त्रींना लग्नाच्या फोटोतसुद्धा टक्कल होतं. टकटके सुरी हातात धरून उभे राहिले. एवढ्या रुंद फळीला पान बसवायचं तर एकटा माणूस पुरत नाही, हे त्यांना आधीच सुचायला हवं होतं. सरस थंड व्हायच्या आत एकाने लावत जायचं आणि दुसऱ्याने पान ताणून धरायचं, वाकून, केस पुढे पडले तरी हात न सोडता. खिशात पैसा नसलेला एक नवरामुलगा आणि त्याची नवरी, दोघांनी मिळून खोक्यांना मॅपल नेसवलं होतं, आणि गावाला सांगितलं होतं की एकसंध आहे.

म्हणजे सासूबाईंना माहीत होतं. त्यांनी टकटक ऐकली त्या पहिल्या सकाळपासून माहीत होतं. भिंतीपासून पलंग हलवू दिला नाही तो उगाच नव्हे. मिस्त्रींची अब्रू झाकायची होती, ते तर झालंच. पण मिस्त्री गेले त्याला किती काळ लोटला. जावयाला एका वाक्यात सांगता आलं असतं, बापू, खोका आहे तो, उगाच आशा धरू नका. त्यांनी सांगितलं नाही. रोज विचारत राहिल्या, काय म्हणतंय? नीट ऐकलं नाहीत, पुन्हा ठोका. फळीत काही नाही हे एकदा कळलं असतं, तर त्या खुर्चीत चहाचा कप घेऊन कोण बसणार होतं?

टकटक्यांचा राग गेला असं नाही, पण कोणावर करावा हे त्यांना समजेना. त्यांनी तो केस काढला नाही. पान परत होतं तसं वरून झाकलं आणि दिवा मालवला.

रात्री जेवताना ते काही बोलले नाहीत. बायकोला वाटलं, आनंदाने वाचा बसली. "आई धड जेवली नाही," ती म्हणाली. "नवा पलंग टोचतो म्हणते. गादी तीच आहे, टोचेल कशाला?"

सकाळी तिने एक कप भरला आणि उचलला. "मी नेते. आईने सांगितलंय, तुम्हाला कशाला त्रास."

"दे इकडे," टकटके म्हणाले. "आणि माझाही भर."

सासूबाई लोखंडी पलंगावर उंच बसल्या होत्या, बसच्या वरच्या सीटवर बसल्यासारख्या, आणि दाराकडे पाठ होईल इतकी मान त्यांनी खिडकीकडे वळवली होती. मागच्या भिंतीवर फळीच्या आकाराचा जुन्या रंगाचा कमानदार तुकडा तेवढा उघडा पडला होता.

"ठेव तिथे," त्या म्हणाल्या.

कप स्टुलावर आला, आणि खुर्ची करकरली, तेव्हा त्यांनी वळून बघितलं. "तुम्ही? तिला सांगितलं होतं मी."

"तिला उशीर होतोय कामाला."

बायको दारातच उभी होती, केससुद्धा विंचरायचे होते तिचे.

सासूबाईंनी कप उचलला. चहात बघत विचारलं, "कशी निघाली फळी?"

"मिस्त्रींचं काम आहे ते," टकटके म्हणाले. "सांधा म्हणून दिसत नाही कुठे. लावणाऱ्याचा हात चांगला होता. आणि धरणाऱ्याचाही."

कप बशीवर किंचित वाजला. सासूबाईंनी दुसऱ्या हाताने तो धरला. त्या म्हणाल्या, "मग झालं तर. तुमचं काम झालं."

टकटक्यांनी आपला कप खाली ठेवला. हात लांब केला, सासूबाईंच्या डोक्यावरून नेला, आणि पलंगाच्या लोखंडी नळीवर पेराने ठोकलं. टण्ण.

"अहो, लोखंड आहे ते!" दारातून बायको म्हणाली.

टकटक्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. कान तिरका करून ते ऐकत राहिले, नळीतला आवाज पुरता विरेपर्यंत.

सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच निघाला. "काय म्हणतंय?"

"ओलं आहे अजून, आई. चार-सहा वर्षं तरी वाळायला हवं."

सासूबाईंनी चहा बशीत ओतला, त्यावर फुंकर घातली.

"नीट ऐकलं नाहीत," त्या म्हणाल्या. "पुन्हा ठोका."

टकटक्यांनी पुन्हा ठोकलं, आणि खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.